कनूला पाहायला आलेलं धनुष्य

टण्ण! असा तो आवाज मी सात वर्षांचा असताना ऐकला. आमच्या गावात धनुष्यं मूल पाहायला येतात, आणि मूल पसंत पडलं नाही तर जाताना उंबऱ्यात उभं राहून आपली दोरी वाजवतात. आवाज शेजारपाजारी सगळीकडे जातो. एकदा तो झाला की त्या मुलाला दुसरं धनुष्य सांगून येत नाही.

माझ्या वेळी बांबूचं धनुष्य आलं होतं. अंगानं कडक, बोलणं कमी, मुठीवर बोराएवढा जळाल्याचा काळा डाग. मी त्याची दोरी डाव्या हातानं ओढली. ते उठलं, उंबऱ्यात गेलं, आणि टण्ण.

पुढे मी शेती केली, लग्न केलं, म्हातारा झालो. दसऱ्याला पोरं केळीच्या खुंटावर नेम धरतात, तेव्हा मी पलीकडे उभा राहून पडलेले बाण वेचून देतो. बाण छान वेचतो, असं लोक म्हणतात.

माझी नात कनूही डावरीच निघाली. तिला धनुष्याचा भारी नाद. तुराटीला सुतळी बांधून ती दिवसभर बाण सोडायची. आमची कोंबडी तेव्हापासून ओट्यावर येत नाही. म्हणून मध्यस्थ नथ्थूजींनी स्थळ आणलं तेव्हा कनू आनंदानं दोन दिवस नीट जेवली नाही.

"मोठं स्थळ हाय, आबाजी," नथ्थूजी मला म्हणाले. "जिल्ह्याच्या स्पर्धेले जाऊन आलं हाय."

"पण लेकराले जड नाही जाणार का?"

माझी सून वर्षा आतून म्हणाली, "मोठंच बरं. गणवेश आपण वाढत्या अंगाचाच घेतो ना? मंग धनुष्यही वाढत्या अंगाचं घ्या. दरसाली पोहे कोण करन?"

पाहण्याच्या दिवशी वर्षानं कनूला नवा फ्रॉक घातला आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत मेंदी थापली. ओल्या मेंदीचा हात कुणी वापरत नाही, तेव्हा डावरेपण झाकलं जाईल, असा तिचा बेत होता. बेत आम्हा सगळ्यांना पसंत पडला. धनुष्याला दोन्ही हात लागतात, हे घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"आबाजी, माहा हात खाजवून राह्यला," कनू म्हणाली.

"मागं ठेव," वर्षा म्हणाली. "कोणी विचारलं तर मेंदी लागली म्हणून सांगजो."

पाहुणे दुपारच्या एसटीनं आले. धनुष्यांना आमच्याकडे अर्धं तिकीट पडतं. नवरदेवासारखं पुढे होतं ते तरुण धनुष्य, काळंभोर, चकचकीत. मागून त्याचे मामा खालच्या टोकावर टेकत टेकत आले. मामा बांबूचे होते. एका ठिकाणी तडकले होते, तिथे दोरा गुंडाळला होता. मुठीवर बोराएवढा काळा डाग होता.

मी लोटा भरून आणायच्या निमित्तानं आत गेलो आणि जरा वेळ तिथेच उभा राहिलो.

पोहे आले. धनुष्यं पोहे खात नाहीत, पण समोर ठेवले नाहीत तर त्यांना अपमान वाटतो. ते नंतर मध्यस्थाला जातात. नथ्थूजींनी नंतरपर्यंत वाट पाहिली नाही.

"मला स्पष्ट बोलायला आवडतं," तरुण धनुष्य म्हणालं. "माझी ओढ वीस पौंडांची आहे, दोरी खेचायला तेवढा जोर लागतो. मला उन्हात ठेवलेलं चालणार नाही. गोठ्यात तर नाहीच. आणि बाण न लावता रिकामी दोरी सोडलेली मी खपवून घेणार नाही."

"मी बाण लावूनच सोडीन," कनू म्हणाली. "तुमच्यानं कोंबडीले लागते का?"

वर्षानं तिला चिमटा काढला.

"लेकरू हुशार हाय," नथ्थूजी भरल्या तोंडानं म्हणाले.

मामा आतापर्यंत भिंतीला टेकून होते. ते म्हणाले, "बोलणं पुरे. दोरी ओढून पाहू द्या."

कनूनं उजवा हात पुढे केला. मग थांबली. मागचा हात तिथेच ठेवून तिनं वर्षाकडे पाहिलं. वर्षानं पदर तोंडाला लावला. मग कनूनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "ओढ बाई. तुले येते तशी ओढ."

"आबाजी!" वर्षा म्हणाली.

कनूनं उजव्या हातानं मूठ धरली आणि मेंदीच्या डाव्या हातानं दोरी ओढली. दोरी थोडी आली आणि अडली. कनूनं दात आवळले, एक पाय उचलला, तोंड लाल केलं. दोरी काही हनुवटीपर्यंत येईना. शेवटी तिचा जोर संपला. तिनं दोरी हळूहळू होती तिथे नेऊन ठेवली, रिकामी सोडली नाही.

तरुण धनुष्यानं आपल्या हिरव्या दोरीकडे पाहिलं. "डावरी आहे," ते म्हणालं. "आणि हे लपवलेलं आहे."

ते उठलं आणि उंबऱ्यात जाऊन उभं राहिलं. वर्षानं कानांवर हात ठेवले. कनूला त्या आवाजाचं सगळं माहीत होतं. ती रडली नाही. फ्रॉकला मेंदीचा हात पुसत उभी राहिली.

"थांब रे," मामा म्हणाले. "तुला वाजवायची फार घाई. पोरी, मला धरून पाहा."

कनूनं मामांना धरलं. दोरी सहज हनुवटीला टेकली. कनूनं एक डोळा मिटला आणि आढ्याकडे नेम धरला. तशीच उभी राहिली. तिला कुणी खाली ठेव म्हटलं नाही.

"एके काळी माझी ओढ फार होती," मामा म्हणाले. "आता आठ-दहा पौंड उरली असेल. घरी मला खुंटीला टांगतात आणि माझ्यावर ओली छत्री टांगतात. पण लहान लेकराला म्हातारं धनुष्य बरं पडतं. खांद्याला त्रास नाही."

"पण ती डावरी," वर्षा हळूच म्हणाली.

"मी साधा बांबू आहे, बाई, माझ्यावर बाण दोन्ही बाजूंनी बसतो. याच्यासारखी माझ्यात एका बाजूला बाणाची खाच कोरलेली नाही. पूर्वी मला वाटायचं, आहे."

नथ्थूजींनी बशी खाली ठेवली. "पाहायले एक आलं अन् पसंत दुसरं पडलं, असं कुठं चालते का?"

"तुमच्याच घरी चाललं," मी म्हणालो. "मोठी पाहायले गेले होते, धाकटी आणली."

नथ्थूजींनी बशी पुन्हा उचलली.

"मामा, घरी काय सांगू?" तरुण धनुष्यानं विचारलं.

"सांग, मामा पसंत पडले. आणि छत्रीला आता खुंटी मोकळी झाली."

ते निघालं. मूल त्याच्याच मामांना पसंत पडल्यावर दोरी वाजवायचा त्याला हक्क उरला नव्हता. वर्षानं त्याला नारळ दिला आणि दोरी पुसायला फडकंही दिलं. नथ्थूजी त्याला फाट्यापर्यंत सोडायला गेले, जाताना तिसरी बशी संपवून.

कनू नेमासाठी पोतं टांगायला मागच्या अंगणात पळाली. वर्षा तिच्यामागे हात धुवायला पाणी घेऊन गेली. घरात मामा आणि मी दोघेच राहिलो.

मी म्हणालो, "मले ओळखलं का?"

मी माझा डावा हात त्यांच्यापुढे धरला. आता त्याची कातडी लोंबते, बोटं पूर्ण मिटत नाहीत. मामांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मामा, या ना जी!" मागून कनू ओरडली. कोंबडी ओरडत घरातून पुढच्या दारानं बाहेर पळाली.

मामा उठले. मागच्या दाराच्या उंबऱ्यात जरा थांबले. मी कान झाकले नाहीत. मग दोरी जराही हलू न देता त्यांनी उंबरा ओलांडला आणि ते कनूकडे गेले.