अण्णा डांबरावर पळत नाहीत

मानाजीराव अण्णांनी माझ्या डोळ्यांदेखत निदान सात बस सोडल्या असतील. चुकल्या नव्हेत, सोडल्या. बस आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्टॉपवर उभी, कंडक्टर दारात लोंबकळून हात हलवतोय, खिडकीतले दोन-चार प्रवासी "बन्नी, बन्नी" म्हणून बोलावतायत, आणि अण्णा वीस पावलांवरून देवळात निघाल्यासारखे चालत येतायत. बस निघून जायची. मग अण्णा स्टॉपवर पोचायचे, छत्री टेकवायचे आणि पुढच्या बसची वाट बघायला लागायचे.

"अण्णा, चार पावलं पळाला असतात तर?" मी पहिल्यांदा विचारलं.

"डांबरावर पळायचं नसतं."

"का?"

"रस्त्यावर पळतो तो चोर, नाहीतर चोराच्या मागचा पोलीस. मी दोन्ही नव्हे."

एवढ्यावरून तुम्ही म्हणाल, असतो एखादा आळशी माणूस. पण हाच माणूस दर रविवारी पहाटे मागडीकडे जाणारी पहिली बस धरायचा, तासाभरानं एका माळावर उतरायचा आणि तिथल्या डोंगरावर बोकडासारखा पळायचा. वय वर्षे एकसष्ट. कमरेला खाकी अर्धी चड्डी, अंगात ऑफिसातून निवृत्त झालेला पांढरा शर्ट आणि पायात कॅनव्हासचे बूट, त्यातल्या डाव्यातून करंगळी जगाकडे बघत असायची.

मी तेव्हा पुण्याहून बंगलोरला कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी आलो होतो आणि राजाजीनगरात अण्णांच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. नव्वदच्या दशकात आमच्यासारखे पुष्कळ जण तिकडे गेले, आणि आपणच मराठी घेऊन आलो अशा थाटात गेले. अण्णांनी पहिल्याच दिवशी माझी हवा काढली. "आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी आले. घोड्यावरनं आले. तू कशानं आलास?"

"रेल्वेनं."

"सरी, ठीक आहे. बैस."

माझं नाव त्यांनी कधी लक्षात ठेवलं नाही. मी "पुणेकर". त्यांच्या मराठीत काही शब्द माझ्या पणजीच्या तोंडचे होते आणि काही शेजारच्या कन्नड वाण्याच्या. त्यातला एक शब्द मला फार महागात पडला. तो म्हणजे स्वल्प. स्वल्प म्हणजे थोडंसं, असं मला वाण्यानं शिकवलं होतं. अण्णांच्या डोंगरावर त्याचा अर्थ वेगळा होता.

पहिल्या रविवारी मी हौसेनं त्यांच्याबरोबर गेलो. पायात कंपनीच्या पहिल्या पगाराचे, टाचेत हवा भरलेले परदेशी बूट. डोंगराच्या पायथ्याशी विचारलं, "किती लांब पळायचं?"

"स्वल्प पुढं."

अर्ध्या तासानं, जीभ बाहेर आली असताना, विचारलं, "अजून किती?"

"स्वल्प पुढं."

तासाभरानं मी विचारणं सोडून दिलं, कारण विचारायला श्वास लागतो.

पण खोटं कशाला बोलू, तिसऱ्या-चौथ्या रविवारी मला त्याचं वेड लागलं. शहरात आपण पाय कुठं पडतो हे बघत नाही, कारण सगळीकडे सारखंच असतं. तिथं दर पाऊल निराळं. आधी घाणेरीच्या झुडपांमधली वाट, तिचा तो उग्र वास. मग उघडा कातळ, पहाटेच्या दवानं ओला. मग दोन टेकड्यांमधली घळ, जिथं बाहेर उकडत असलं तरी मडक्यातल्यासारखा गारवा असायचा आणि वाळूत पाय घोट्यापर्यंत रुतायचे. घळीतून वर चढलं की शिखर. तिथं अण्णा दगडांच्या एका ढिगावर वाटेत उचललेला दगड ठेवायचे, घड्याळ बघायचे आणि वळायचे.

आणि मग उतार. अण्णांचं खरं रूप उतारावर दिसायचं. चढताना तोंड मिटून असलेला हा गृहस्थ उतरताना दोन्ही हात पसरून, "होऽ होऽ होऽ" असं गुरं हाकल्यासारखं ओरडत सुटायचा. "गुडघे सैल सोड, पुणेकर. डोळे तीन पावलं पुढं. पायाला त्याचं काम करू दे." पायाला खरंच त्याचं काम येतं. एकदा ते जमलं की आपण पळत नाही, डोंगरच आपल्याला खाली झेलत आणतो. त्या वर्षी मी अकरा किलोनं कमी झालो आणि ऑफिसात कुणाशी भांडलो नाही. दुसरी गोष्ट जास्त आश्चर्याची.

अण्णांनी पळू नये असं घराबाहेरच्या सगळ्या जगाला वाटत असे. डॉक्टर म्हणाले, या वयात गुडघे जपा. अण्णा म्हणाले, "जपून ठेवून कुणाला देऊ?" देवळातले समवयस्क म्हणाले, आता नामस्मरण करा. अण्णा म्हणाले, "देव डोंगरावर का बसतात, विचारलंत कधी?" एकदा शहरातल्या एका धावण्याच्या मंडळाचे दोन तरुण अण्णांना गाठायला देवळात आले. रस्त्यावरच्या शर्यतीत साठीच्या पुढच्या गटात तुम्ही नक्की पहिले येणार, म्हणाले. छातीवर लावायचा नंबरसुद्धा बरोबर आणला होता. अण्णांनी तो उलटसुलट बघितला आणि परत दिला. "नंबर कैद्याला असतो," म्हणाले आणि त्यांना हॉटेलात कॉफी पाजून वाटेला लावलं.

घरात अण्णा आणि अक्का दोघंच. अक्का म्हणजे त्यांची बायको. पाच वर्षांपूर्वी तिच्या कमरेखालची ताकद गेली, तेव्हापासून ती रस्त्याकडच्या खिडकीशी खाटेवर असे. ताकद पायांतलीच गेली होती. भाजीवाल्याशी ती खिडकीतून घासाघीस करायची आणि जिंकायची. रविवारी अण्णा नसताना शेजारच्या सरोजम्मा तिच्यापाशी येऊन बसत.

डोंगरावरून आलो की अण्णा आधी अक्काला कॉफी करून देत आणि खाटेशी बसून डोंगर सांगत. जिन्यात बूट काढताना मला सगळं ऐकू यायचं. घळीत पाणी आहे का, कातळावरची ती पिवळी फुलं आली का, मोराचं पीस दिसलं का. अक्का खोदून खोदून विचारायची. अण्णा कीर्तनकारासारखे रंगवून सांगायचे. पण गोष्ट नेहमी शिखरावर संपायची. "दगड ठेवला. मग उतरलो," एवढं बोलून अण्णा कपबशी उचलायचे. मला गंमत वाटायची. सिनेमाचा सगळ्यात चांगला भाग हा माणूस गाळतोय.

त्या रविवारी घडलं ते माझ्यामुळे. उतारावर माझ्या बुटाची नाडी सुटली आणि मी, अस्सल शहाणा, वाटेच्या मधोमध थांबून ती बांधायला वाकलो. मागून अण्णा होऽ होऽ करत येत होते. मला चुकवायला ते बाजूच्या सैल दगडांवर गेले, पाय मुरगळला आणि ते कोपरावर आपटले. घोटा बघता बघता लिंबाएवढा सुजला.

"अण्णा, बसा. मी गावातून कुणाला तरी घेऊन येतो."

"सुम्ने चल," ते म्हणाले. म्हणजे गप चल.

माझ्या खांद्यावर हात टाकून ते लंगडत पायथ्याशी आले. समोर माळ, माळापलीकडे रस्ता, आणि रस्त्यावर आठ वाजून दहा मिनिटांची बस सुटायच्या बेतात. आम्ही डांबरावर पाय ठेवला तेव्हा ती दोनशे पावलांवर होती. पुढची बस दहाला. मी म्हटलं, आता बसू चहा पीत. एवढ्यात खांद्यावरचा हात गेला. बघतो तर अण्णा पळत होते. डांबरावर. सुजलेल्या पायानं, एक हात उंच करून, तोंडानं कन्नडमध्ये ड्रायव्हरला थांब थांब म्हणत. मला पोचायला त्यांच्यापेक्षा उशीर झाला.

बसमध्ये श्वास जागेवर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, नेम मोडला."

"सरोजम्मा साडेनऊला उठून जाते," ते म्हणाले. "तिचं भजनी मंडळ असतं. साडेनऊनंतर घरात ही एकटी."

मला पटकन कळलं नाही. मग त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. पूर्वी हा डोंगर ते दोघं चढायचे, दर रविवारी, चालत. जागोजागी बसत, डबा खात, घरी यायला दुपार व्हायची. अक्का आजारी पडल्यावर अण्णांनी जाणं बंद केलं. तिनं हट्ट धरला, जा, मला डोंगर बघून येऊन सांग. पण हाताशी वेळ एवढाच. एवढ्या वेळात सगळा डोंगर आणायचा तर पळावंच लागतं.

"म्हणून पळता होय?"

"म्हणून पळायला लागलो." त्यांनी सुजलेला पाय चाचपला. "आता मजा येते रे, पुणेकर. उतारावर तर लाज वाटावी इतकी मजा येते. ती तिथं पडून असते, आणि मी इथं ओरडत सुटतो. हे कसं सांगायचं तिला? मी आपला चालत जातो, चालत येतो, असंच तिला माहीत आहे. आता हा पाय दिसला की पळणंही कळणार आणि जाणंही संपणार."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी अण्णा थांबले. रुमालानं तोंड पुसलं, शर्ट नीट केला आणि सुजलेला पाय पुरा टेकून, दर पावलाला दात चावत, रोजच्या संथ चालीनं चालायला लागले. मी हात पुढे केला तर तो बाजूला सारला.

"तिला पाय ऐकू येतात," ते हळूच म्हणाले. "ती पडली त्या दिवशी मी रिक्षा आणायला ह्या रस्त्यानं पळालो होतो. तेव्हापासून डांबरावर कुणी पळालं की ती दचकते."

मला सात बस आठवल्या आणि अण्णांच्या पाठीमागे मी केलेल्या त्यांच्या चालीच्या सगळ्या नकला आठवल्या. मी खाली मान घालून चालत राहिलो.

पण नशीब कसं असतं बघा. दुपारी अण्णांचा मुलगा आला. मोहन होसकोट्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि जेवायला रविवारी स्कूटरवरून यायचा. त्यानं घोटा बघितला. मला वरून साक्षीला बोलावण्यात आलं. मी नाडीपासून सगळं सांगितलं आणि ओघात "पळताना" हा शब्द तोंडातून निघून गेला. अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की घरभाडं दुप्पट झालं असतं तर बरं, असं मला वाटलं.

"पळताना?" मोहन म्हणाला. "अप्पा, पुरे झालं. तिकडं डोकं फुटलं असतं तर इथं आईला कोण? परत डोंगरावर पाय ठेवलात तर मी आईला होसकोट्याला घेऊन जाणार. मग तुम्ही कुठं पळायचं तिथं पळा."

अण्णांनी आयुष्यात डॉक्टर ऐकला नव्हता, देऊळ ऐकलं नव्हतं. या वेळी मात्र त्यांनी मान खाली घातली. खाटेच्या लाकडावर बोट फिरवत बसले. एकसष्ट वर्षांचे दिसले, त्याहून जास्तच.

"मी काय बोचकं आहे, उचलून न्यायला?" खिडकीशी आवाज आला.

"आई, तुला माहीत नाही, हे तिथं पळतात."

"पाच वर्षं माहीत आहे. कॉफी करायला आत वळतात तेव्हा पाठ दिसते मला. मानेपर्यंत चिखल. चालणाऱ्याच्या पायाचा चिखल मानेपर्यंत उडतो?" मग तिनं मोहनकडे बघितलं. "माझे पाय गेले ते गेले. ह्यांचे आहेत ना? दोघांनी झोपून कुणाचं भलं होणार? पाय बरा झाला की ते जातील. मी इथंच राहीन. आणि सरोजम्माला उशीर होत असेल तर तू सकाळी लवकर ये आणि माझ्यापाशी बैस."

मोहन काहीतरी बोलणार होता. तिनं त्याला जेवायला बसवलं.

अण्णा अजून वर बघत नव्हते. "तसं काही नसतं गं," ते पुटपुटले. "वेळ कमी म्हणून स्वल्प..."

"सोमवारी दुपारपर्यंत शीळ घालता तुम्ही," अक्का म्हणाली. "मजा येते ना? मग सांगायची. लपवून ठेवली म्हणून माझे पाय परत येणार आहेत काय? पाच वर्षं झाली, दर रविवारी मला वर नेऊन सोडता. एकदा तरी खाली आणलंत?"

खोलीत मोहनच्या ताटाचा तेवढा आवाज होता. मी उठलो आणि जिन्यात जाऊन बसलो. वर गेलो नाही, हे कबूल करतो.

बऱ्याच वेळानं अण्णांनी घसा साफ केला. "शिखरावरनं वळलं की आधी तो सपाट कातळ लागतो. आपण भाकरी खायचो तो."

"हां."

"तिथनं हात सोडून द्यायचे. असे. गुडघे सैल. मग मी ओरडतो."

"काय ओरडता?"

अण्णांनी दबक्या आवाजात ओरडून दाखवलं. अक्का हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ती बराच वेळ थांबली नाही.

"मग?" तिनं विचारलं.

"मग घळ येते. घळीत शिरलं की गार वारा एकदम छातीवर."

"आणि मग?"

"मग स्वल्प पुढं," अण्णा म्हणाले आणि तिला घेऊन उतरायला लागले.