रविराज, हयात आणि अविवाहित

"ह्यो मानूस तर मेलाय," ग्रामसेवक नाथाजी म्हणाले आणि चष्म्यावरून समोरच्या माणसाकडे बघत राहिले.

समोर उभा होता तो खुद्द रविराज. पोलंडात एका गोदामात माल उचलायची गाडी चालवणारा, पावणेसहा फुटी, सकाळी आईच्या हातच्या तीन भाकरी रिचवून आलेला. आटपाडीच्या पुढं माळावर त्याचं गाव. दीड महिन्याची रजा काढून तो आला होता फक्त दोन कागदांसाठी, एक जन्माचा दाखला आणि दुसरा अविवाहित असल्याचा. तिकडं आगा नावाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. परक्या मुलखातल्या माणसाला तिथं लग्न करायचं तर हे कागद, त्यांवर इकडचे शिक्के आणि तिकडच्या भाषेत भाषांतर, एवढं सगळं लागतं. मिळालेली तारीख हुकली तर पुढची चार महिन्यांनी, आणि राहण्याचा परवाना त्याआधीच संपत होता. थोडक्यात, कागद नाहीत तर आगा नाही.

नाथाजींनी जन्माचं रजिस्टर फिरवून त्याच्यापुढं केलं. तीन मे ब्याण्णव, रविराज, बापाचं नाव आप्पासो, आईचं अंबूबाई. मग त्यांनी दुसरं, मृत्यूचं रजिस्टर उघडलं. त्यातही तेच नाव आणि तेच आईबाप. वय अकरा महिने, कारण ताप.

भर दुपार होती. पत्र्याखाली जीव उकडून निघत होता, तरी रविराजच्या मानेवरून काहीतरी गार सरकत गेलं.

"चुकून लिवलं असंल, भाऊसाहेब."

"खाली तुज्या बापाची सही हाय. मृत्यूचा दाखला पायजे तर आत्ता देतो. पर जित्या मानसाला ह्यो जन्माचा कसा देऊ? तू कोन हायस, त्येच मला कुटं घावंना झालंय."

घरी आप्पासो अंगणात बसून मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"व्हय, गेला हुतास की. मग परत आलास."

"मी? कुठनं?"

"त्ये तुला म्हाईत. दीड वर्सानं हिच्याच पोटी आलास. कानामागचा तीळ त्योच. समदी म्हनली, गेल्याला पोर माघारी आलं. त्योच म्हनल्यावर नाव त्येच ठिवलं. आन् त्योच म्हनल्यावर परत नोंद कशाला? एकच मानूस सरकारला दोनदा सांगायचा व्हय?"

शाळेत घालतानाही त्यांनी जन्मतारीख तीच सांगितली होती आणि पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावर निघाला होता. म्हणजे रविराज जन्मभर दुसऱ्याच कुणाचा तरी वाढदिवस साजरा करत आला होता. यंदा तर आगानं केक केला होता. आप्पासोंच्या बोलण्यात खोट काढायला कुठं जागाच नव्हती, आणि त्याला भीती वाटली ती याचीच.

अंबूबाई चुलीपाशी होती. थोड्या वेळानं तिनं जेवायला हाक मारली. तिची सवय दोन हाका मारायची. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, हे रविराजला लहानपणीच शिकवलेलं होतं. त्या भागात बरेचजण पोरांना तसं शिकवतात. पहिली हाक कुणाची असेल याचा नेम नसतो, असं म्हणतात.

"रवी," अंबूबाई म्हणाली.

आज रविराजनं पहिल्यांदाच नीट बघितलं. पहिल्या हाकेला ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती बघत होती दाराकडं, आणि तेही खाली, उंबऱ्याच्या जरा वर. रांगतं पोर उंबरा ओलांडून यायला जेवढा वेळ लागेल तेवढी ती थांबली. मग तिनं मान वळवली.

"ये रवी, जेवाय ये."

त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही.

त्यानं फोनवर आगाला सगळं सांगितलं. आगानं विचारलं, "मग मी हो कुणाला म्हणाले?"

दुसऱ्या दिवशी आप्पासो स्वतःच तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले. धाकट्याचा जन्म, नोव्हेंबर चौऱ्याण्णव, उशिरा का होईना नोंदवून घ्यावा, असा अर्ज त्यांनी ठोकून दिला. रविराजनं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पासपोर्टावर ब्याण्णव होतं. तो बदलायचा म्हणजे आणखी कित्येक महिने.

"मग एकच वाट हाय," रविराज आईबापाला घेऊन पंचायतीत गेला तेव्हा नाथाजी म्हणाले. "पोर मेलंच नव्हतं, नोंद चुकून झाली, असं आईबापानं लिवून द्यायचं. मी वर पाठवतो. नोंद रद्द झाली की पासपोर्टातला रविराज जिता."

आप्पासोंनी तिथल्या तिथं सही केली. "मी तीस वर्सं ह्येच सांगतोय," ते म्हणाले. शाईची डबी अंबूबाईपुढं सरकली. तिनं हात पदराखाली घेतला.

"माझ्या मांडीवर गेलाय त्यो," ती म्हणाली. "समदी रात शेक देत हुते. आन् आता मेलाच न्हाई म्हनू?"

नाथाजी खिडकीबाहेर बघू लागले. रविराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या लग्नासाठी आपण हिच्याकडं काय मागतोय, हे त्याला आता कुठं कळत होतं.

"आये, ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "न्हाई झालं लगीन तर न्हाई."

अंबूबाईनं त्याच्याकडं बघितलं, मग कागदाकडं.

"भाऊसाहेब, ह्ये रद्द झालं म्हंजी सरकारच्या लेखी त्यो जिता हुनार?"

"व्हय, मावशी."

"आन् परत कुनी मेला म्हनून लिवनार न्हाई?"

"आमी कशाला लिवू?"

तिनं अंगठा असा दाबला की शाई मागच्या पानावर उतरली.

सरकारी काम, पण कधी नव्हे ते झपाट्यानं झालं. पंचविसाव्या दिवशी नाथाजी स्वतःच घरी आले. त्यांच्या हातात दोन पाकिटं होती आणि चेहरा उतरला होता.

"आप्पा, कचेरीतला त्यो अर्ज तुमी मागं घेतलाच न्हाई. त्योबी मंजूर झाला. हिकडं मृत्यूबी रद्द झालाय. आता तुमची दोन पोरं जिती हायत. दोगंबी रविराज, दोगंबी बिनलग्नाचं. दाखलं दोगांचंबी निघालं."

"एक फाडून टाका की," रविराज म्हणाला.

"सई-शिक्का झाल्याला कागद मी फाडत नसतो." नाथाजींनी पासपोर्ट मागून तारीख ताडून पाहिली आणि ब्याण्णवचं पाकीट त्याच्या हातात दिलं. "लग्नाला ह्यो चालंल. दुसरा ठिवा घरात."

अंबूबाईनं दोन्ही पाकिटं मागून घेतली. ती देव्हाऱ्यापुढं बसली आणि ब्याण्णवच्या पाकिटाला तिनं हळदकुंकू लावलं. कितीतरी वर्षांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"थोरल्याचं आदी झालं, ब्येस झालं," ती म्हणाली. मग दुसरं पाकीट तिनं पदरानं पुसलं आणि रविराजकडं बघितलं. "आता तुला पोरगी बघाय पायजे."

"आये, मी लग्नालाच चाललोय की."

"जा की, बाळा," अंबूबाई मायेनं म्हणाली. "थोरल्या भावाच्या लग्नाला धाकट्यानं जायालाच पायजे."