माझं बिनखर्चाचं निधन

लॅपटॉप कधीच मरत नाही, माणसं धीर सोडतात! हे माझं ठाम मत मी शाळेत इतक्यांदा ऐकवलंय, की मी तोंड उघडलं की बाकीचे शिक्षक आपापले कप उचलून बाहेर जातात. जाऊ देत. माझाच लॅपटॉप बघा. बिजागरी तुटली? पाठीमागे दूध पावडरचा डबा लावला. बॅटरी फुगली? काढूनच टाकली, तेवढंच ओझं कमी! चार्जरची वायर एका ठरावीक कोनात दाबून धरली तरच वीज आत जाते. मग देवानं पायाला अंगठा कशाला दिलाय? 'क' उमटत नाही, तर मी 'क' नसलेले शब्द वापरतो. नवा घ्यायचा विचारसुद्धा मनाला शिवला नाही.

"मूठमाती द्या आता त्याला," माझी बायको अजोआ म्हणायची.

"चालतोय ना?"

"तो चालत नाही हो, तुम्ही त्याला ढकलताय!"

अशात अजोआची आजी वारली. अराबा आजी. वय वर्षं एक्याण्णव, भरल्या घरातून गेली. पण सासूबाईंचं काही खरं नव्हतं. आमच्या विनेबा गावच्या बाजारात त्यांचं मासळीचं कोल्ड स्टोरेज आहे. एरवी त्यांचा आवाज पार समुद्रापर्यंत जातो. आई गेल्यापासून मात्र त्या गप्प झाल्या होत्या. रडत नव्हत्या, भांडत नव्हत्या, गिऱ्हाइकांना शिव्यासुद्धा देत नव्हत्या! आम्ही सगळे घाबरून गेलो. घरची बैठक बसली तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"पोस्टरवर माझी आई हसताना दिसली पाहिजे. सगळ्या गावानं तिला हसताना बघितलं पाहिजे."

आमच्याकडे चौकाचौकात पोस्टर लागल्याशिवाय माणूस मेला असं कुणी धरतच नाही. अंत्यविधी शनिवारी होता. आजीचा हसरा फोटो आयुष्यात एकच निघाला होता, आणि तो सासूबाई छातीशी बांधून हिंडत होत्या.

"डिझाइनवाल्याला कशाला पैसे द्यायचे? मी आहे ना!" मी म्हणालो.

"कशावर करणार?" अजोआनं विचारलं.

सगळ्या नातेवाइकांनी एकदम छताकडे पाहिलं.

शाळेच्या यंत्रावर फोटो स्कॅन करून आणला. सासूबाई तेवढा वेळ शेजारी उभ्या होत्या, फोटो परत घेतला आणि लगेच बांधून टाकला. घरी येऊन लॅपटॉप सुरू केला, तर त्याला तो फोटो काही केल्या पचेना. उघडायला गेलं की घरघरायचा, तापायचा आणि डोळे मिटायचा. मी काय कच्च्या गुरूचा चेला नाही. म्हटलं, आधी बाकीचा मजकूर लावून घेऊ, फोटो शेवटी. बसमध्ये जागा धरायला रुमाल टाकतात ना, तसा मी फोटोच्या जागी माझाच पासपोर्टचा फोटो टाकला. तो लहानसा होता आणि मशीनवर पडलेलाच होता. वर 'देवाचं बोलावणं आलं', खाली 'अराबा अमिसा, वय ९१', मधे टाय लावलेला, मिशीवाला मी. हसू आलं. हसून घेतलं आणि तसंच पेनड्राइव्हमध्ये सेव्ह करून ठेवलं.

मग लॅपटॉपचा पंखाच बंद पडला. अजोआला चुलीला वारा घालायचा पंखा दिला. तिनं थोडा वेळ वारा घातला आणि मग तोच पंखा माझ्या डोक्यात घातला.

त्या फटक्यातूनच मला कल्पना सुचली. मी लॅपटॉप बगलेत मारला आणि थेट सासूबाईंचं दुकान गाठलं.

"आई, आत बसू?"

"कुठं आत?"

"बांगड्यांत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारामागचं जाड जाकीट काढून दिलं आणि शीतखोलीचं दार उघडलं. एक शब्द नाही! एरवी ह्याच बाईनं अख्खा बाजार गोळा केला असता.

आत मी गोठलेल्या बांगड्यांच्या खोक्यावर बसलो आणि काय सांगू, लॅपटॉप असा धावायला लागला की नवा असतानाही कधी धावला नव्हता! फक्त लोकांना समजेना. दार उघडून गिऱ्हाइकं डोकावत होती.

"मास्तर, दोन किलो बांगडे द्या."

"मी काम करतोय!"

"दिसतंय ते. मोठे मोठे बघून द्या."

दिले. काय करणार? पायाच्या अंगठ्यानं वायर धरलेली, एका हातात बांगडा, दुसऱ्या हातात माऊस. दातांवर दात आपटत होते. पण आजीचा फोटो उघडला! पूर्ण उघडला! काय हसत होती म्हातारी! तोंडात दात जेमतेम, पण हसू कानापर्यंत. मी माझा फोटो काढला, तिचा लावला आणि सेव्हचं बटण दाबलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय... इथं माझी बोटं बांगड्यांच्या रंगाची झालेली. म्हटलं, बास झालं तुझं फिरणं. पेनड्राइव्ह उपटला आणि लांबलचक वायर हातानं दाबून धरत सासूबाईंना पडदा दाखवायला बाहेर धावलो.

बाहेरची गरम हवा लागली मात्र, लॅपटॉपला दरदरून घाम फुटला. बटणाबटणांतून पाणी. फुस्स असा एक आवाज आला आणि पडदा काळा पडला.

"गेला?" सासूबाईंनी विचारलं.

"गेला. पण काम पेनड्राइव्हमध्ये सुखरूप आहे!" मी छातीठोकपणे म्हणालो.

दोन दुकानं सोडून फीफीचा छापखाना. तसाच गेलो. फीफी मला बघून दोन पावलं मागे सरला. मी पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला, तर बिचारा केवढा दचकला! त्यानं फाइल उघडली, यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पुन्हा पडद्याकडे.

"हेच छापायचं?" त्यानं खुर्ची आणखी मागे सरकवली.

"हेच. छान झालंय ना?"

"छान म्हणजे... हो हो, छानच. नमुना बघता?"

"नमुन्याचे वेगळे पैसे लावशील. नको. छाप आणि रात्रीच सगळ्या चौकांत लावून टाक. किती झाले?"

"तुमच्याकडून पैसे? नको नको! तुम्ही शांतपणे जा."

शिक्षकाला अजून मान आहे, असं मनाशी म्हणत मी घरी गेलो. एक सेडीही खर्च नाही!

सकाळी शाळेला निघालो. कोपऱ्यावर मान्सा मावशी केन्के, म्हणजे मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, आणि मासे विकते. मी नेहमीसारखं म्हणालो, "मावशी, मासा जरा मोठा दे." मावशीनं मान वर केली, किंचाळली, आणि वाफाळती टोपली टाकून पळत सुटली! म्हटलं, उधारी वाढली असेल. पुढे टॅक्सीवाल्यानं मला बघून गाडी उलटी पळवली. शाळेत पोचलो तर वर्गांत कुणी नाही, सगळे सभागृहात. काही शिक्षक पांढऱ्या कपड्यांत, काही लाल कपड्यांत, आणि त्यांची आपसात जुंपलेली.

"एक्याण्णव वर्षांचे होते म्हणून लिहिलंय! पिकलं पान गळलं की पांढरंच घालतात!"

"अहो, नाव तरी कुठं त्यांचं आहे? छापणाऱ्यानं घोळ घातलाय, फोटो बघा ना! ऐन उमेदीत गेला माणूस, लालच पाहिजे!"

"एक्याण्णव? चेहऱ्यावरून वाटत नव्हतं बुवा."

कोण गेलं म्हणून मी खिडकीशी उभा राहिलो. मुख्याध्यापक क्वांसा सर बोलायला उठले. "आपले कोबिना मास्तर," ते म्हणाले, आणि मी खिडकीचा गज धरला. "आपले कोबिना मास्तर. त्यांनी शाळेचा खडूचा तुकडासुद्धा कधी वाया घालवला नाही." मग ते थांबले. आठवत राहिले. बराच वेळ आठवत राहिले. "आणि... त्यांच्याकडे लॅपटॉप होता," असं म्हणून बसले.

इतक्या वर्षांची नोकरी आणि हे एवढंच? मला राहवेना. "सर, आणखीही सांगण्यासारखं आहे!" असं मी खिडकीतून ओरडलो. पुढे काय झालं ते सांगता येणार नाही, कारण सभागृहात सांगायला कुणी उरलं नाही. रिकाम्या सभागृहाच्या दारावर मात्र पोस्टर चिकटवलेलं होतं. देवाचं बोलावणं आलेला, टायवाला, मिशीवाला मी!

मी घराकडे धूम ठोकली. दारात ही गर्दी! शेजारच्या गावाहून माझे अन्सा मामा आमच्या घराण्यातली म्हातारी मंडळी गाडीत भरून घेऊन आले होते. आमच्याकडे बहिणीच्या मुलाचं प्रेत म्हणजे मामाचा हक्क. मामा काठी आपटत होते.

"आमचा भाचा कुठं लपवलाय? प्रेत आमच्या ताब्यात द्या!"

"अहो, तो शाळेत गेलाय!" अजोआ ओरडत होती. "आता चहा पिऊन गेला!"

"बिचारीचं डोकं फिरलं," बायका म्हणाल्या. "धरा गं तिला, पाणी पाजा." चौघींनी तिला धरलंही होतं आणि तोंडात तांब्या कोंबत होत्या.

मी गर्दीतून पुढे झालो. मामांनी काठीनं माझ्या पोटात टोचून पाहिलं.

"जिवंत आहेस?"

"हो, मामा."

"मग गाडीभाडं कोण देणार?"

तांब्यावाल्या बायकांच्या हातून सुटलेली अजोआ माझ्याकडे यायला लागली. तिचा चेहरा बघून, खरं सांगतो, एक क्षण वाटलं की पोस्टरवर लिहिलंय तेच बरं. पण तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि सासूबाई आल्या. भिंतीवरून ओरबाडून काढलेलं पोस्टर त्यांच्या हातात होतं. त्यावर त्यांच्या आईचं नाव, त्यांच्या आईचं वय आणि माझ्या मिशा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती.

"आई, माझं चुकलं. मी खरंच..."

"चल," त्या म्हणाल्या.

फीफीच्या छापखान्यात शिरलो तर फीफी यंत्रामागे लपला.

"बाहेर ये!" मी ओरडलो. "काल मी तुला जिवंत दिसलो नव्हतो का रे?"

"जिवंत?" तो यंत्रामागूनच म्हणाला. "मास्तर, तुमचे ओठ निळे होते. अंगाला थंडगार वास येत होता. हात लागला तर बर्फ! वर स्वतःचं पोस्टर घेऊन आलेले! मी म्हटलं, माणूस थेट शवागारातून उठून छपाईला आलाय, नाही म्हणालो तर मलाच बरोबर नेईल. पैसे कसले मागतोय?"

सासूबाईंनी छातीशी बांधलेला फोटो सोडला आणि त्याच्यापुढे ठेवला. फीफीनं तो यंत्रात घातला, चार बटणं दाबली, आणि आम्ही बाकावर नीट टेकायच्या आत आजी पडद्यावर हसायला लागली.

"डिझाइनचे किती?" मी पडेल आवाजात विचारलं.

"डिझाइनचे? ते छपाईतच येतं की!"

मी बाहेर जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

फीफीची माणसं भुताच्या पोस्टरला पुन्हा हात लावायला तयार होईनात. मग नवी पोस्टरं, खळीची बादली आणि ब्रश घेऊन मीच निघालो. सासूबाई मागून सांगत होत्या, "वर घे. आणखी वर. आईची मान वाकडी झाली." मी माझ्याच तोंडावर खळ फासत होतो. मासळीबाजाराच्या चौकात डोक्यावर टोपल्या घेतलेल्या दोघी जणी आमच्या मागून चालल्या होत्या. एकीनं मला ओळखलं आणि दुसरीचा दंड धरला.

"अगं, हाच तो काल मेलेला मास्तर!"

"बाई गं! मग हा हे काय करतोय?"

"दिसत नाही का, मागे कोण उभी आहे ते? मेला तरी सासूची कामं सुटली नाहीत बिचाऱ्याची!"

मागून एक आवाज आला. मी दचकून वळलो. सासूबाई हसत होत्या. कमरेवर हात, तोंड उघडं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि हसू कानापर्यंत, अगदी भिंतीवरच्या म्हातारीसारखं! आवाज पार समुद्रापर्यंत गेला असणार. मग त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि त्या दोघींना अशा काही खणखणीत शिव्या घातल्या, की मला भरून आलं.

"बघतोस काय?" त्या माझ्यावर खेकसल्या. "अजून अकरा चौक राहिलेत!"