जनूकाकांचा लढाईविरोधी पिक्चर

जनूकाका आपल्या पिक्चरसाठी मुलाखत घ्यायला आले की आधी पाण्यानं भरलेली बादली मागत. पाण्यावर बोटानं रेघ ओढत आणि मोबाइल समोर धरून विचारत, "दाखवा, हद्द कुठं गेली?" बोईसरच्या चहावाल्यानं एकदा खरकटी बादलीच पुढे केली. "चाचा, पहले कप धो लेने दो!" काकांनी सगळे कप धुऊन दिले, मग रेघ ओढली.

गेल्या महिन्यात काका वारले. त्यांचा मुलगा लखू अजून पलीकडच्या देशात तुरुंगात आहे. वाणगावजवळच्या त्यांच्या पाड्यावरची माणसं पोटासाठी गुजरातच्या मासेमारी बोटींवर जातात. लखूची बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली आणि पकडली गेली. तेव्हापासून काका दोन देशांच्या भांडणाचं मूळ हुडकत होते. कुणी तावातावानं बोलू लागलं की म्हणत, "फांद्या नको, मूळ सांगा." पाम गावच्या एका वाडीवाल्यानं पाऊण तास फाळणी समजावली. काका म्हणाले, "ही पन फांदीच."

मी निवृत्त शिक्षक. चित्रित केलेले तुकडे जोडण्याचं काम माझ्याकडे होतं.

काका हयात असतानाच युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या. सायरनची चाचणी झाली, दिवे घालवण्याची तालीम झाली. पाड्याचे पोलीस पाटील माझ्या घरी आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मास्तर, असला पिक्चर दाखवायची ही वेळ हाय का? कोनीतरी फोनात काढून पाठवंल. काकाला उचलतील, पोराची सुटका पन अडकंल."

ते गेल्यावर मी सगळे तुकडे पुन्हा पाहिले. शेवटच्या तुकड्यात काका एकटेच अवघडून बसले होते आणि मोबाइलकडे बघत पलीकडच्या जेलरशी बोलत होते.

"साहेब, तुमच्याकडं पन दिवे घालवत असतील. आमच्या लखूला अंधाराचं भ्या वाटतं. लाजतो, सांगनार नाय. तेवढा वेळ कोनीतरी त्याच्याजवळ बसा."

मी काकांना म्हणालो, "शत्रूच्या माणसाला साहेब म्हणताय. लोक काय म्हणतील? एवढं काढून टाकू या."

काका म्हणाले,

"बाकीचं समदं काढा, मास्तर. तेवढं ठेवा."

त्या रविवारी सकाळी पाड्यावरच्या शाळेत आम्ही तेवढंच दाखवलं. पाटीलही येऊन बसले होते. मी भीतीनं दार आतून लावून घेतलं होतं. पिक्चर संपल्यावर बराच वेळ ते उघडायला कुणीच उठलं नाही.