पहिल्या नंबरवरचं घर

तोंडवलीच्या दाजींनी चार वर्षं जिवाचं रान करून आपल्या घराची वेबसाइट पहिल्या नंबरवर आणली. कशाला, तर लोकांनी बघावी आणि फोन करावा म्हणून. फोन आला की दाजी घसा साफ करून सांगायचे, "जागा उपलब्ध नाही. याची नोंद घ्यावी." आणि फोन ठेवून द्यायचे. घरात माणूस एक, खोल्या चार. त्यातली एक पाहुण्यांसाठी म्हणून रंगवलेली, खाटेवर धुतलेली चादर घातलेली. मी दाजींना ओळखत होते तोवर त्या खाटेवर त्यांच्या मांजरीखेरीज कोणी झोपलेलं नाही.

ही वेबसाइट मी केलेली. मालवणच्या बाजारात तेव्हा माझं सायबर कॅफे होतं. सहा कंप्युटर, त्यातले चार चालू, आणि वीज गेली की सहाच्या सहा बंद. वेबसाइट माझी, म्हणून लोक मलाच विचारायचे, "त्या म्हाताऱ्याक खूळ लागला काय गो?" मी म्हणायचे, "लागला तर लागला. खूळ त्येचा, माका काय?" माझा स्वभाव असाच, तिरसट. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती.

दाजी एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून तीस वर्षं गाड्या पुकारल्या. कणकवलीची गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे, प्रवाशांनी याची नोंद घ्यावी. रिटायर झाले तरी ते वाक्य काही रिटायर झालं नाही. चहात साखर कमी असली तरी नोंद घ्यावी, शेजाऱ्याच्या कोंबड्या अंगणात आल्या तरी नोंद घ्यावी. एरवी बोलणं सगळं मालवणी, पण कामाचं काही निघालं की ताठ बसून लाऊडस्पीकरवरचं मराठी.

दोन हजार चारच्या सुमाराला ते पहिल्यांदा कॅफेत आले. छत्री दाराला अडकवली, खुर्ची ओढली आणि म्हणाले, "कंप्युटरवर तोंडवली लिवला की पयला आमचा घर दिसाक होया. कसा करूचा ता सांग."

मी बघितलं. तोंडवली टाकल्यावर समुद्राचे फोटो येत होते, कुठली कुठली हॉटेलं येत होती. "दाजी, नुसती वेबसाइट करून पयला नंबर येणा नाय. त्येका दोन गोष्टी लागतत," मी म्हटलं. एक, दुसऱ्यांच्या पानांवर तुमच्या पानाची लिंक हवी. दोन, तुमच्या पानावर ताजा मजकूर हवा, दुसऱ्या कोणाकडे नसलेला, आणि सारखा नवा.

"लिंक म्हणजे?"

"दुसऱ्याच्या पानावर तुमच्याकडे येवची वाट."

"म्हणजे फाट्यावरचो बोर्ड," दाजी म्हणाले. "अशी सांग मगे. जितके फाट्यांवर बोर्ड, तितकी गाडी बरोबर येता." कंप्युटर शिकलेल्यांना जे समजावता समजावता माझा घसा बसायचा, ते या माणसाला एका वाक्यात कळलं. मी खूश झाले आणि सांगून बसले, की आता इकडच्या वेबसाइट असलेल्या दहा-बारा लोकांना ईमेल करू, लिंक द्या म्हणून.

दाजींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कोणाच्या लग्नात पायात चपला घालून मांडवात शिरले. "लग्नाचा आमंत्रण कोण पोस्टान धाडता गो? घराक जावचा, हातार नारळ ठेवचो, मगे मागूचा."

आणि गेले की खरंच. निवृत्तांचा एसटी पास होता, पिशवीत घरच्या माडाचे नारळ. कसालला एक जण आंबे विकायचा, त्याची वेबसाइट होती. त्याच्या दारात दाजी नारळ घेऊन उभे. खारेपाटणला एक मास्तर जुन्या बंदराबद्दल लिहायचे, दोन गाड्या बदलून तिकडे. कुडाळात पक्ष्यांचे फोटो टाकणारा एक डॉक्टर, त्याच्याकडे तर दवाखान्यात पेशंटच्या रांगेत बसून, नंबर आल्यावर नारळ पुढे केला. डॉक्टरांनी मला नंतर फोन केला. म्हणाले, "माझ्या सुनेच्या बाळंतपणाची चौकशी केली, भिंतीवरचे सगळे पक्षी ओळखले, आणि मग लिंक मागितली. नाही कसं म्हणू?" अशी चाळीसेक घरं झाली. गोव्यात एक गोरा माणूस राहायचा, त्याला नारळाचं काय करायचं कळेना, तर दाजींनी तिथेच फोडून, किसून दाखवला. लिंक मिळाली.

परत आल्यावर मला हुकूम. त्यांनी आपली लिंक दिली, आता आपल्या पानावर त्यांची लाव. ती दाजी स्वतः सांगून लिहवून घ्यायचे: "खारेपाटणकडे जाणाऱ्यांनी मास्तरांचे पान बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये."

मजकुराचं तर विचारूच नका. मी सांगितलं होतं ताजा हवा, तर दाजी रोज दुपारच्या गाडीने हजर. एसटीच्या जुन्या फॉर्मच्या पाठीवर बॉलपेनने लिहून आणलेलं असायचं. वर चार ओळी इंग्रजीत मी टाकल्या होत्या, खोली, समुद्र, नारळाची झाडं वगैरे. त्याखाली दाजींच्या नोंदी.

"काळ्या मांजरीस तीन पिल्ले झाली. पैकी एक पांढरे आहे."

"विहिरीस पाणी सात हात. रहाट पूर्वीसारखाच आवाज करतो. तेल घातलेले नाही. मुद्दाम."

"सुरंगीस फुले आली. केसांत माळण्याचे वळेसर गुंफण्यास घरात कोणी नसल्याने फुले झाडावरच राहतील. याची नोंद घ्यावी."

मी वैतागायचे. म्हणायचे, दाजी, पर्यटकाला तुमच्या रहाटाशी काय देणंघेणं? भाव लिहा, जेवणात काय मिळतं ते लिहा. दाजी म्हणायचे, "दुसऱ्याकडे नसलेला लिव म्हणान तियाच सांगितलंस. ह्यो रहाट दुसऱ्या कोणाकडे आसा?" मी रहाट टाइप केला.

एकदा मी शहाणपणा केला. तेव्हा सगळेच करायचे तो. पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत साठ वेळा तोंडवली, तोंडवली बीच, तोंडवली रूम असं घालून ठेवलं. माणसाला दिसत नाही, पण शोधणाऱ्या यंत्राला दिसतं. पण दाजींची वाचायची एक सवय होती. ते ओळीखाली बोट फिरवावं तसा माउस दाबून ओढत वाचायचे. ओढता ओढता तळाला आले आणि सगळी पांढरी अक्षरं निळ्या पट्ट्यात उठून दिसली.

"ह्या काय गो?"

मी सांगितलं. दाजी म्हणाले, "काड ता. फसवन बोलावलेलो माणूस परत जाता. माझ्याकडे येवचा आसा ता वळखीन येवक होया." मी काढलं. मनात म्हटलं, येणाऱ्याला तुम्ही दारातून परत पाठवता, आणि वर ओळखीने यायला हवा.

कारण तोवर फोन यायला लागले होते, आणि पानावर मी एक फॉर्म ठेवला होता, त्यातून मेल पण यायला लागले होते. मेल माझ्याकडे यायचे. दाजींनी पहिल्याच दिवशी उत्तर सांगून ठेवलं होतं. क्षमस्व. जागा उपलब्ध नाही. याची नोंद घ्यावी. मी ते एकदा टाइप करून ठेवलं आणि मेल आला की चिकटवून पाठवायचे. कोणाचा आहे, काय लिहिलंय, वाचत बसायचे नाही. दाजी रोज विचारायचे, "कोणाचो मेल?" मी म्हणायचे, "गिऱ्हाइकांचो. दुसऱ्या कोणाचो येतलो?" ते मान हलवायचे.

चार वर्षांनी एका दुपारी मी तोंडवली टाइप केलं आणि दाजींचं घर पहिलं आलं. वर कोणी नाही. मी दाजींना हाक मारली. मला वाटलं होतं, माणूस कॅफेभर पेढे वाटेल. दाजी खुर्चीत बसले आणि पडद्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "भायल्या देशातसून बघल्यार पण पयला?"

"पयला."

"आखातातसून?"

"व्हय. पण आखातात तुमचा कोण आसा?"

तेव्हा मला कळलं. दाजींची मुलगी, सुषमा. तिने नऊ वर्षांपूर्वी गावातल्याच कोयंड्यांच्या मुलाशी लग्न केलं. कोयंडे होडीवाले. दाजींच्या घरात मासे रोज चालत होते, पण मासेवाल्यांचा मुलगा जावई म्हणून चालत नव्हता. ती नमस्काराला आली, तर दाजींनी दारात उभं राहून तिला सांगितलं, या घरात तुला जागा नाही. दोघं आखातात कुठेतरी गेली. दाजींची बायको त्यानंतर दोन वर्षांत गेली. मुलीला कळवायला पत्ता नव्हता.

"चेडू कंप्युटर शिकलेला," दाजी म्हणाले. "कधीतरी गावाचा नाव लिवतलाच. तेवा पयला आपला घर दिसाक होया. आणि इला तर खोली मोकळी होयी. लोकांका दिलंय आणि त्याच दिवशी चेडू इला तर?"

मी म्हटलं, "दाजी, चाळीस घरांत नारळ घेवन गेलात. कोयंड्यांचा घर तुमच्या घरापासून पाच मिन्टांवर. थंय कित्याक नाय गेलात?"

"गेललंय. तीनदा," दाजी म्हणाले. "फाटकापर्यंत." मग छत्री घेतली. "आता म्हातारी गेली त्यांची. त्येचो भाव मुंबयक. घराक कुलूप आसा."

ते गेल्यावर मी जुने मेल काढून बसले. का बसले, सांगता येत नाही. नाव कोयंडे. मला फार शोधावं लागलं नाही. दोन वर्षांपूर्वीचा मार्च महिना, मस्कतहून. दोन मोठी माणसं, एक मुलगी, वय वर्षं चार. मे महिन्यात तीन दिवस. आणि शेवटी एक ओळ: विहिरीकडे खिडकी असलेली खोली मिळाली तर बरं होईल.

पानावर विहिरीच्या पाण्याबद्दल होतं, रहाटाबद्दल होतं. खिडकीबद्दल एक अक्षर नव्हतं. ते फक्त त्या घरात वाढलेल्या माणसालाच माहीत.

खाली माझं उत्तर होतं. मेल आल्यापासून सहा मिनिटांत पाठवलेलं. क्षमस्व. जागा उपलब्ध नाही. याची नोंद घ्यावी.

ते वाक्य तिने जन्मापासून ऐकलेलं. तिला वाटलं असणार, बापानेच लिहिलंय. दुसऱ्यांदा सांगितलंय.

मी लगेच त्या पत्त्यावर मेल केला, सगळं लिहिलं, माफी मागितली. तो परत आला, पत्ता बंद झाला होता. जावयाचं नाव टाकून शोधलं, तिचं टाकून शोधलं. चार वर्षं एका घराला पहिल्या नंबरवर आणायला झटले होते मी, आणि मला दोन माणसं शेवटच्या पानापर्यंत सापडली नाहीत. जावयाच्या भावाचा मुंबईचा पत्ता गावात कोणाकडे मिळाला नाही.

दाजींना मी सांगितलं नाही. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. सांगितलं असतं तर दाजी मला एक शब्द बोलले नसते, आणि ते मला सोसलं नसतं. त्यानंतर ते दहा महिने रोज येत राहिले. "कोणाचो मेल?" आता मी प्रत्येक मेल वरपासून खालपर्यंत वाचत होते. "नाय दाजी," मी म्हणायचे. "बरा," ते म्हणायचे आणि फॉर्मचा कागद पुढे करायचे.

शेवटचा कागद असा होता: "रहाटाचा दोर बदलला. आवाज तोच आहे." दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी आली आणि दाजी आले नाहीत. शेजारच्यांनी मला कळवलं.

आता त्या घराची किल्ली माझ्याकडे असते. दाजींच्या पुतण्याला त्या घरात रस नाही, वेबसाइटमध्ये तर नाहीच. मी आठवड्यातून एकदा तोंडवलीला जाते, विहीर बघते, सुरंगी बघते, येऊन लिहिते. मधे एक नवीन हॉटेल झालं आणि दाजींचं घर दुसऱ्या नंबरवर गेलं, तर मी पिशवीत नारळ घालून देवगडपर्यंत जाऊन आले, दोन लिंका घेऊन आले. माझ्या घरचे मला खुळी म्हणतात. म्हणू देत.

पानाच्या अगदी वर, इंग्रजी ओळींच्याही वर, मी एक वाक्य घातलं आहे. "विहिरीकडे खिडकी असलेली खोली रिकामी आहे. याची नोंद घ्यावी."

ते वाचून फोन येतात. मी आधी नाव विचारते आणि मग सांगते, जागा नाही. परवा पुण्याच्या एक बाई चिडल्या. म्हणाल्या, "मग रिकामी आहे असं लिहिलंय कशाला?"

मी म्हटलं, "ते तुमच्यासाठी नाही हो लिहिलेलं."