भुजंगकाकांचा कच्चा टाका

संस्कृती कच्च्या टाक्यावर उभी आहे, असं आमचे शेजारी भुजंगकाका सांगतात. सांगताना ते हॉलच्या फरशीवर रांगत असतात आणि ओठांत सुई असते, त्यामुळे 'संस्कृती' हा शब्द नीट ऐकू येत नाही.

काका शेंद्र्याच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. काकू गल्लीतल्या बायकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवायच्या. निवृत्तीनंतर काकांनी त्या कामात सुधारणा सुरू केल्या. पक्की शिलाई काकूंची; त्याआधी थर सरकू नयेत म्हणून घालायचे लांब कच्चे टाके काकांचे. खालचा थर चिकटपट्टीनं फरशीला ताणून बसवायचा. सगळ्या सुया सकाळीच ओवून ठेवायच्या. मधून सुरू करून कडेकडे जायचं, म्हणजे चुण्या पडत नाहीत. आणि गाठ कधीच नाही. "शिवून झालं की एका ओढीत दोरा निघाला पाहिजे. गाठ मारली की टाइम वाया."

त्या वेळात हॉलमधून चालायला बंदी. पाहुणे भिंतीला धरून स्वयंपाकघरात जात.

"कारखान्यानं सोडलं, आता माझ्या जिवाला लागलेत," काकू म्हणायच्या. "लई हुशार माणूस. सुया मात्र मीच ओवायच्या."

मागच्या हिवाळ्यात काकू दवाखान्यात होत्या. तेव्हा काकांनी त्यांच्याच साड्या अंथरून एक गोधडी टाचून ठेवली. घरी आल्या की त्यांना लगेच शिवायला बसता यावं, म्हणून. सुया या वेळी स्वतः ओवल्या.

काकू घरी आल्या नाहीत.

यंदा थंडी पडायला लागली तशी माझी बायको म्हणाली, "काका, ती गोधडी द्या. मी शिवते."

त्यांनी आणून दिली. आम्ही ती उलगडली, तर प्रत्येक दोऱ्याच्या दोन्ही टोकांना गाठी.

"काका, गाठी? तुम्ही मारल्या?"

"व्हय." मग म्हणाले, "म्हटलं, ती येईस्तोवर सुटायला नको."

"असू दे. शिवून झाल्यावर कापून काढते."

"नाय. राहू दे." त्यांनी घडी घातली आणि घेऊन गेले.

आता ते तीच पांघरतात. कच्च्या टाक्यांचे लांब दोरे पायाच्या बोटांत अडकतात, म्हणून काका मोजे घालून झोपतात.