मासोळीचा यजमान

रविवारी तळेगावची मंडळी धाकट्या बहिणीला, सुधाला, बघायला यायची होती आणि प्रभाकरराव आठवडाभर मासोळीभोवती फिरत होते. मासोळी काचेच्या पेटीत गोल फिरत होती, प्रभाकरराव पेटीभोवती गोल फिरत होते आणि त्यांची बायको मीरा हातात झाडू घेऊन दोघं कधी थांबतात याची वाट बघत होती. वर्ध्याच्या त्या दोन खोल्यांत एवढ्या प्रदक्षिणांची सोय नव्हती.

प्रभाकरराव हायस्कुलात शास्त्र शिकवत. सुटीत ते मुंबईला गेले. तिथे मीराचा भाऊ कृष्णकांत मत्स्य खात्यात नोकरीला होता. येताना मेव्हण्याने ही मासोळी आपल्या गळ्यात मारली, असं ते घरी सांगत. खरं म्हणजे मेव्हणा नको नको म्हणत होता आणि हट्ट यांचाच होता, पण सासुरवाडीवर ढकलता येतं ते माणसाने ढकलावं. मासोळी बोटाएवढी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. ती समुद्रात एका प्राण्याच्या कुशीत राहते. तो दिसायला फुलासारखा, बुडाने दगडाला चिकटलेला, आणि त्याच्या पाकळ्यांना असा डंख की दुसरा मासा जवळ गेला की संपलाच. हिला मात्र तो काही करत नाही. तसलं एक फूल कृष्णकांतने बरणीत घालून दिलं होतं. ते भुसावळला मेलं आणि पुढे असं घाणलं की प्रवाशांनी प्रभाकररावांना ते खिडकीतून बाहेर टाकायला लावलं.

तेव्हापासून मासोळीला चैन नव्हतं. खाणं नाही, थांबणं नाही. प्रभाकररावांनी पेटीत शेवंती सोडली, ती कुजली. कापसाचं बोंड सोडलं, तिने पाठ फिरवली. मीराने अंग घासायची दोडक्याची जाळी दिली, तिला तर ती भ्यालीच.

"हिला योग्य यजमान मिळाला पाहिजे," प्रभाकरराव म्हणाले.

"यजमान काऊन म्हणता? साधं फूल म्हणा नं," मीरा म्हणाली.

"फूल झाडाला येतं. हा प्राणी आहे. दुसऱ्याला आपल्या घरात ठेवून घेतो तो यजमान. शास्त्रात शब्द नेमका लागतो."

"आम्ही बायका नवऱ्याले म्हणतो यजमान."

"ते शास्त्र नव्हे," प्रभाकरराव म्हणाले आणि पुन्हा फिरू लागले.

शुक्रवारी त्यांना राहवेना. पोस्टात जाऊन त्यांनी मुंबईला ट्रंक कॉल लावला. त्या काळी ट्रंक कॉल म्हणजे तार नुसती नावाला; आवाज माणसानेच मुंबईपर्यंत पोचवायचा. त्याच वेळी कार्ड घ्यायला एक केशरी फेटेवाले गृहस्थ खिडकीशी उभे होते. हे तळेगावचे रूपराव. कापूस घेऊन वर्ध्याला आले होते आणि रविवारी बघायला येणाऱ्या केशवचे वडील होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. स्थळ मध्यस्थाने आणलं होतं.

"प्रभाकर मास्तर, मुंबई लागली," पोस्टाचा बाबू ओरडला. नाव ऐकून रूपरावांनी मान वळवली.

"हॅलो, कृष्णकांत? अरे, पहिला यजमान वाटेतच मेला. भुसावळला. हो, हिच्या डोळ्यांदेखत. काय? नाही रे, बिचारी अन्नाला शिवत नाही. घरी दोन-तीन लावून पाहिले, हिला एकही पसंत नाही. विषारी? असू दे, हिला सवय आहे. फक्त एका जागी टिकणारा पाहा, मागच्यासारखा नासका नको. आणि लवकर पाहा. रविवारी तळेगावची मंडळी येतात, त्याआधी हिचं काहीतरी लागलं पाहिजे."

पोस्टात शिक्क्याचा आवाजसुद्धा थांबला. रूपराव कार्ड न घेताच बाहेर पडले.

इकडे घरी सुधाला वेगळीच काळजी होती. ती शिकून शिक्षिका झालेली. याआधीची दोन स्थळं भावाच्या तोंडामुळे गेली होती. पहिल्या मंडळींना त्यांनी पोहे खाता खाता पोटातल्या जंतांची माहिती दिली. दुसऱ्या वेळी मुलाच्या बापाच्या खोकल्यावर मत दिलं. ती गेली ते एका परीने बरंच झालं. पण केशवला तिने ट्रेनिंग कॉलेजात स्वतः पाहिलं होतं, आणि हा हातचा गेला तर आपल्याला रडू येईल असं तिने वहिनीला स्पष्ट सांगितलं होतं.

"दादा," शनिवारी ती म्हणाली, "उद्या मासोळीचं नाव काढू नको. फूल नाई, डंख नाई, यजमान नाई. घे शपथ."

"कोणाची?"

"मासोळीची."

प्रभाकररावांचा चेहरा पडला, पण त्यांनी शपथ घेतली. पेटीवर चादर टाकून ती बैठकीच्या कोपऱ्यात सरकवली.

रविवारी मंडळी आली. रूपराव, त्यांची बायको कौशल्याबाई आणि केशव. कौशल्याबाई तर यायलाच तयार नव्हत्या. पण केशवने "शब्द दिला हाय, जाऊन इचारून तं घ्या" म्हणून हेका धरला होता. तो आल्यापासून खाली बघून बसला होता. रूपरावांनी पाण्याच्या पेल्याला हात लावला नाही.

"मास्तर, एक गोष्ट इचारतो, खरं सांगजा," ते म्हणाले. "पयला यजमान कसा मेला?"

प्रभाकरराव दचकले. मुंबईची गोष्ट तळेगावला कशी गेली हे त्यांना कळेना. जिभेच्या टोकावर सगळं आलं होतं, पण शपथ होती.

"त्याबद्दल मला बोलता येत नाही. सुधाने शपथ घातली आहे."

कौशल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "म्हंजे होता."

"होता. आता त्याचं काय. भुसावळच्या पुढे खिडकीतून टाकून दिला," प्रभाकरराव म्हणाले. एवढं सांगण्याने शपथ मोडत नाही असं त्यांना वाटलं.

केशवला ठसका लागला.

"आन् घरी दोन-तीन लावून पाह्यले ते?"

"ते टिकलेच नाहीत. एक कुजला. एक तर आमच्या हिने आपला स्वतःचा दिला होता, पण त्याला पाहून ती घाबरली."

दारामागे मीराने कपाळाला हात लावला. कौशल्याबाई उठून उभ्या राहिल्या. "चाला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे घर नाई, बजार हाय."

तेवढ्यात सुधा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. आता लाजायचं तर आयुष्यभर लाजत बसावं लागेल हे तिला कळलं. तिने बशा खाली ठेवल्या, कोपऱ्यात जाऊन पेटीवरची चादर ओढली आणि म्हणाली, "हे पाहा. यजमान हिचा मेला. दादा त्या समुद्राच्या फुलाले यजमान म्हणते. माह्या यजमानाचा अजून पत्ता नाई."

मग केशव हसला. त्याला हसू आवरेना, आणि सुधाला तो हसतो हे फार बरं वाटलं. बाप मात्र ओशाळला. ओशाळलेला माणूस काहीतरी निरखून बघायला लागतो, तसे रूपराव पेटीवर वाकून मासोळी बघायला लागले. वाकताना त्यांच्या फेट्याचा पाठीवरचा शेमला पुढे घसरला आणि थेट पाण्यात गेला.

शेमल्याच्या टोकाला सुट्या धाग्यांच्या लांब दशा होत्या. त्या पाण्यात सुटल्या आणि हलू लागल्या. मासोळी एकदा जवळ आली, मागे गेली, पुन्हा आली, अंग घासून पाहिलं, आणि दशांत शिरून गपकन थांबली.

"हलू नका," प्रभाकरराव कुजबुजले. "रूपरावजी, हलू नका. तिने पसंत केलं."

"मले?"

"तुमच्या दशांना. रंग सुटतो का?"

"नागपूरचा हाय. पक्का," वाकलेले रूपराव अभिमानाने म्हणाले.

प्रभाकररावांनी बहिणीकडे पाहिलं. "सुधा, आता बोलू?"

"बोल."

मग बांध फुटला. "यजमान माशाला निवडत नाही. तो एका जागी चिकटून बसलेला असतो, तोंड उघडं टाकून. निवडते ती मासोळी. आधी नुसती फिरते. मग जरा अंग लावते, डंख खाते, पुन्हा लावते. हळूहळू अंगवळणी पडलं की तिथेच राहते. तिला बघायला कोणी जात नाही, तीच बघायला जाते."

"मंग मलेबी एक इचारायचं हाय," सुधा म्हणाली. बैठकीत मुलीने प्रश्न विचारायची रीत नव्हती, पण वरबाप पेटीत फेटा घालून ओणवा उभा असताना रीत कोण काढणार. तिने केशवकडे पाहिलं. "तुमच्या घरी डंख कोण मारते?"

केशवने हळूच डावीकडे पाहिलं.

"मी," कौशल्याबाई म्हणाल्या.

"मंग थोडं थोडं अंग लावून पाहीन," सुधा म्हणाली.

कौशल्याबाईंनी तिला खालून वर पाहिलं, पुन्हा खाली बसल्या आणि पोह्यांची बशी ओढली. "मीठ बराबर हाय," त्या म्हणाल्या. केशवच्या चेहऱ्यावरून कळलं की घरात एवढी तारीफ आजवर कोणाची झाली नव्हती.

रूपरावांची मात्र सुटका होईना. शेमला उचलला की मासोळी सैरभैर व्हायची आणि प्रभाकरराव तिच्याहून जास्त. मीराने कात्री आणली.

"फेट्याले कात्री लावाल तं याद राखा," रूपराव म्हणाले.

शेवटी त्यांनी अख्खा फेटा डोक्यावरून उतरवला. शेमला पाण्यात आणि बाकीची घडी खुर्चीवर ठेवून ते उघड्या डोक्याने तळेगावच्या मोटारीत बसले.

आता रीत अशी, की मुलीच्या बापाने आपलं पागोटं वरबापाच्या पायाशी ठेवून हात जोडायचे. इथे मुलाचा बाप बोडका परत आला. स्टँडवर कोणीतरी विचारलं, "पाटील, फेटा कुठी?"

"पोरीच्या घरी राह्यला," रूपराव खरं तेच बोलले.

दिवे लागायच्या आत गावभर झालं की रूपरावांनी फेटा मुलीवाल्यांच्या पायावर ठेवून पोरगी मागितली. मासोळीची गोष्ट त्यांनी दोघातिघांना सांगून पाहिली, पण ती कोणाला पटण्यासारखी नव्हती. नंतर त्यांनी नाद सोडला.

पुढे कृष्णकांतने खटपट करून मुंबईहून खरं फूल धाडलं. मासोळीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. योग्य यजमान कोणता हे ठरवणारे आपण कोण, असं प्रभाकरराव वर्गात सांगू लागले आणि मुलांना ते परीक्षेला येईल की काय याची काळजी लागली.

फेटा आणायला रूपरावांनी केशवला वर्ध्याला पाठवलं. तो आला, पेटीपाशी बसला, सुधाशी मासोळीविषयी बोलला आणि फेटा तिथेच ठेवून गेला. पुढच्या बाजाराला पुन्हा आला, पुन्हा तसाच गेला. मासोळी अजून झोपलेली दिसली, असं त्याने घरी सांगितलं.

शेवटी कौशल्याबाईंनीच निरोप धाडला. "फेटा राहू द्या," त्यांनी कळवलं, "पोरगीच धाडा."